गेमिंग पीसी तापून अचानक रीस्टार्ट होतो तेव्हा: नवख्यांसाठी क्रमवार तपासणी

गेमिंग पीसी तापतो आणि खेळता खेळता अचानक रीस्टार्ट होतो, या दोन तक्रारी नेहमी एका दमात सांगितल्या जातात. ऐकणाराही लगेच थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कुलरकडे नेणारा मधला लेप) बदलण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात या दोहोंचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे ठराविक मर्यादेपर्यंत तापली की आधी स्वतःचा वेग कमी करतात, म्हणजे थ्रॉटल होतात. एवढे करूनही तापमान चढतच राहिले तर शेवटचा उपाय म्हणून यंत्रणा वीज तोडते आणि तेव्हा पीसी बहुधा बंद पडून तसाच राहतो. त्यामुळे स्क्रीन क्षणात काळी होऊन पीसी लगेच स्वतःहून पुन्हा सुरू होत असेल, तर संशयाची सुई उष्णतेइतकीच एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे), रॅमकडे आणि ओव्हरक्लॉककडेही (भाग ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याकडेही) वळवली पाहिजे.

या सगळ्या तपासणीतून मी स्वतः गेलो आहे. तिचा क्रम महत्त्वाचा का आहे, हे तेव्हाच लक्षात आले. आधी मोजायचे, मग कॅबिनेट उघडायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजायचे. पंखे, पेस्ट आणि बायोस (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) एकाच दिवशी बदलले आणि पीसी सुधारला, तरी दोष कुठे होता हे कळत नाही. मग तोच दोष महिन्याभराने परत आला की तपासणी पहिल्यापासून करावी लागते.

लागणारे साहित्य

- एचडब्ल्यूइन्फो: तापमान, पंख्यांचा वेग आणि वीजवापर यांची नोंद ठेवण्यासाठी
- सिनेबेंच किंवा ओसीसीटी: प्रोसेसरवर भार टाकण्यासाठी
- फरमार्क, किंवा ग्राफिक्सचा भरपूर भार टाकणारा एखादा खेळ
- एमएसआय आफ्टरबर्नर: ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा बदलण्यासाठी
- मेमटेस्ट८६ आणि एक रिकामा पेनड्राइव्ह: रॅम तपासण्यासाठी
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, दाबलेल्या हवेचा डबा किंवा लहान ब्लोअर
- ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारे कापड आणि चांगली थर्मल पेस्ट
- एक वही, किंवा मोबाइलमधली नोंद

शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण प्रत्येक बदल आणि त्यानंतरचे तापमान लिहून ठेवले नाही, तर चौथ्या-पाचव्या चाचणीनंतर सगळे आकडे एकमेकांत मिसळून जातात.

१. महत्त्वाच्या फायली आधी सुरक्षित करा

वीज वारंवार अचानक तुटली तर ड्राइव्हवरील फायली खराब होऊ शकतात. चाचण्यांमध्ये तर आपण पीसीला मुद्दाम बंद पडायला लावणार आहोत. म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. विंडोजचा आपोआप रीस्टार्ट थांबवा

विंडोज स्वतः कोलमडते तेव्हा निळी स्क्रीन येते, पण मूळ सेटिंग पीसी लगेच रीस्टार्ट करते आणि तीवरचा संदेश वाचायला सवड मिळत नाही. ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज उघडून त्यातील स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात जा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा. यापुढे निळी स्क्रीन येऊन थांबली, तर दोष ड्रायव्हर, रॅम किंवा हार्डवेअरमधील चुकीशी संबंधित आहे असे समजता येते आणि त्रुटीचे नावही मिळते. ही खूण काढल्यावरही पीसी निळी स्क्रीन न दाखवता थेट रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली किंवा हार्डवेअरने स्वतःला रीसेट केले, असा अर्थ निघतो.

३. लक्षणे नीट टिपा

कधी आणि कसे, हे दोन प्रश्न इथे निर्णायक ठरतात. खेळ सुरू करून पंधरा-वीस मिनिटांनी, पंखे जोरात फिरू लागल्यावर आणि फ्रेमरेट घसरल्यावर पीसी बंद होत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. लोडिंग संपून दृश्य उघडताच किंवा भार अचानक वाढताच तो रीस्टार्ट होत असेल आणि तापमान तोवर साधारणच असेल, तर एसएमपीएस संशयित ठरतो. काही खेळांच्या मेनूमध्ये फ्रेमरेटला मर्यादा नसते, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड तिथेच सर्वाधिक वीज ओढते. म्हणून मेनूमध्ये होणारा रीस्टार्टही याच वर्गात धरा. काहीही भार नसताना, नुसता डेस्कटॉप उघडा असताना पीसी रीस्टार्ट होत असेल, तर रॅम, प्रोसेसरचे अस्थिर व्होल्टेज आणि वायरिंग तपासावे लागते. अशा वेळी पेस्ट बदलून काहीही साधत नाही.

४. इव्हेंट व्ह्यूअर वाचा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही. तिच्यातील सिस्टम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद जवळजवळ हमखास सापडते आणि नवखे लोक तिलाच रोगाचे नाव समजतात. ही नोंद फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाले नव्हते. कारण तीत नसते. तिच्या तपशिलात मात्र ‘बगचेककोड’ हा रकाना असतो आणि तो पाहण्यासारखा आहे. तिथे ० असेल तर निळ्या स्क्रीनची नोंद करायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज किंवा हार्डवेअर रीसेटकडे पाहायचे. २७८ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरने वेळेत प्रतिसाद दिला नाही, आणि २९२ असेल तर हार्डवेअरनेच न सुधारता येणारी चूक कळवली.

त्याच वेळेच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) या हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या स्रोताची नोंद आहे का, तेही पाहा. १८ क्रमांकाची नोंद घातक चूक दाखवते, तर १९ क्रमांकाची नोंद दुरुस्त झालेली चूक दाखवते. या नोंदी वारंवार दिसत असतील तर प्रोसेसर, त्याचे व्होल्टेज आणि रॅमची सेटिंग्ज यांची तपासणी आधी करा.

५. तापमानाची नोंद फायलीत घ्या

खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान पाहत बसण्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण नेमक्या शेवटच्या क्षणी तुमचे लक्ष तिथे नसते. एचडब्ल्यूइन्फो केवळ सेन्सर दाखवणाऱ्या पद्धतीने सुरू करा, नोंदीचे अंतर एक सेकंद ठेवा, खालच्या बाजूचे लॉगिंगचे बटण दाबा आणि मग खेळायला बसा. पीसी रीस्टार्ट झाल्यावर तयार झालेली सीएसव्ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून शेवटच्या ओळींवर या. वीज एकाएकी तुटल्यामुळे अखेरचे काही सेकंद फायलीत उतरलेले नसतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

या ओळी कशा वाचायच्या, ते पाहू. प्रोसेसरचा रकाना ८४, ८९, ९४, ९८ असा चढत गेला असेल, त्याच वेळी वेगाचा आकडा घसरत गेला असेल आणि मग नोंद तुटली असेल, तर उष्णतेचा पुरावा हाती आला. उलट प्रोसेसर ७१ वर, ग्राफिक्स कार्ड ६८ वर, ग्राफिक्सचा वीजवापर एका ओळीत ९० वॅट, पुढच्या ओळीत ३१० वॅट आणि त्यानंतर फाइल कोरी असेल, तर कुलरला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

आकड्यांची मर्यादा प्रत्येक भागाची वेगळी असते आणि ती माहीत नसल्यामुळे अनेक जण विनाकारण घाबरतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत चालावेत अशाच रीतीने बनवलेले आहेत, पण त्याच मालिकेतील ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे. एएमडीच्या अनेक ग्राफिक्स कार्डांत हॉटस्पॉटची, म्हणजे चिपवरील सर्वांत गरम बिंदूची, मर्यादा ११० अंशांपर्यंत असते, आणि हॉटस्पॉट सरासरी तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणे नैसर्गिक आहे. हा फरक तीस अंशांच्या आसपास गेला, तर कार्डाची पेस्ट किंवा कुलरची पकड बिघडल्याची शक्यता धरावी. आपल्या नेमक्या मॉडेलची मर्यादा उत्पादकाच्या माहितीपत्रकातून पाहून वहीत लिहून ठेवा.

६. भार वेगवेगळा टाकून पाहा

आधी फक्त प्रोसेसरवर सिनेबेंचचा भार अर्धा तास ठेवा. पीसी थंड झाल्यावर फक्त ग्राफिक्स कार्डावर फरमार्कचा भार टाका, पण तो दहा मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका आणि त्या काळात खुर्ची सोडू नका. शेवटी दोन्ही भार एकत्र टाका. प्रोसेसरच्या एकट्या चाचणीत पीसी पडला तर शोध प्रोसेसर, त्याचा कुलर आणि मदरबोर्डपुरता आकुंचित होतो. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या पार पडल्या आणि एकत्र भार येताच पीसी रीस्टार्ट झाला, तर एसएमपीएसवरील संशय पक्का करणारी ही खूण आहे.

तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेगाने चढले, हे मला अधिक बोलके वाटते. भार टाकताच दोन-तीन सेकंदांत प्रोसेसर नव्वदीत गेला, तर बहुधा उष्णता कुलरपर्यंत नीट पोहोचत नाही (९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले वरचे रायझेन याला अपवाद). कुलर सैल आहे, त्याच्या तळावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच राहिला आहे, किंवा लिक्विड कुलरचा पंप बंद आहे. तापमान हळूहळू, वीस मिनिटे घेत चढले तर कुलर आपले काम करतो आहे, पण कॅबिनेटमधील गरम हवा बाहेर पडत नाही.

७. धूळ काढा

पीसी बंद करून वीजेची वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवा. पुढच्या जाळीवरची धूळ सर्वांना दिसते, पण खरा अडथळा बहुधा कुलरचा रेडिएटर आणि त्याला जोडलेला पंखा यांच्या मधल्या फटीत असतो. पंख्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला घेतला की रेडिएटरच्या पात्यांवर दाबून बसवलेल्या नमद्यासारखा करड्या धुळीचा सलग थर निघतो, आणि बाहेरून पाहताना त्याचा पत्ताही लागत नाही.

हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. हवेचा डबा उभाच धरा, तिरका केल्यास आतील द्रव बाहेर पडतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नका, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. एसएमपीएस कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहते. बाहेरच्या जाळीतून हवा मारणे एवढेच त्याच्या बाबतीत पुरेसे आहे.

८. हवेचा मार्ग तपासा

कॅबिनेटची बाजूची काच काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान दहा अंश किंवा त्याहून जास्त उतरले, तर दोष हवेच्या मार्गात आहे. समोरून किंवा खालून हवा आत आणि मागून व वरून बाहेर, ही साधी रचना बहुतेक कॅबिनेटना पुरते. पंख्याची ज्या बाजूला मोटर धरणारी आडवी पट्टी दिसते त्या बाजूने हवा बाहेर पडते. नव्याने जोडलेल्या पीसीमध्ये एखादा पंखा उलटा बसवलेला आढळणे मुळीच दुर्मिळ नाही. समोर सबंध काच असलेल्या कॅबिनेटमध्ये कितीही पंखे लावले तरी हवा अरुंद फटीतूनच आत येते, आणि तिथे पंखे वाढवण्यापेक्षा जाळीदार कॅबिनेट घेणे शहाणपणाचे ठरते. काच काढून ठेवणे हा कायमचा इलाज मात्र समजू नका, कारण धूळ अधिक वेगाने साचते.

९. कुलर आणि थर्मल पेस्ट

पेस्टला हात लावण्याआधी पंख्याचा आणि पंपाचा वेग एचडब्ल्यूइन्फोमध्ये पाहा. पंपाचा आकडा शून्य असेल, किंवा भाराखाली लिक्विड कुलरची एक नळी तापून दुसरी गार राहत असेल आणि रेडिएटरही गारच असेल, तर पाणी फिरत नाही. पंप नेहमी पूर्ण वेगाने चालेल असे बायोसमध्ये ठरवा. पंप हा त्या मार्गातील सर्वांत उंच भाग असणार नाही, अशा रीतीने रेडिएटर बसवा, नाहीतर हवेचे बुडबुडे पंपात अडकतात.

पेस्ट बदलायची ठरली तर कुलर काढण्याआधी पीसी काही मिनिटे चालवून कोमट करा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कुलरला चिकटून पिनांसह वर उचलला जातो. म्हणून कुलर सरळ ओढू नका, हलके डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा. जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. ग्राफिक्स कार्ड उघडणे हा शेवटचा पर्याय समजा. त्यातील थर्मल पॅडची (चिप आणि कुलर यांच्यामधील उष्णतावाहक मऊ पट्ट्यांची) जाडी ठरलेली असते, चुकीच्या जाडीचा पॅड बसवला तर कुलर चिपला नीट टेकतच नाही, शिवाय वॉरंटीचाही प्रश्न येतो.

१०. एसएमपीएस आणि वायरिंग

तापमान मर्यादेत असूनही रीस्टार्ट थांबत नसेल, तर आफ्टरबर्नरमध्ये ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा, खेळाचा फ्रेमरेट ६० वर बांधा आणि काही दिवस तसेच खेळा. रीस्टार्ट पूर्ण थांबले तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात आहे. नवी शक्तिशाली ग्राफिक्स कार्डे काही मायक्रोसेकंदांपुरती आपल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, आणि त्या झटक्याने एसएमपीएसचे संरक्षण सक्रिय होऊन पुरवठा तुटतो. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत क्षमतेच्या दुप्पट झटका सोसण्याची अट घातली गेली. डब्यावर छापलेले वॅट पुरेसे दिसत असूनही जुना एसएमपीएस का पडतो, याचे उत्तर अनेकदा इथे असते.

नवा एसएमपीएस घेण्याआधी वायरी तपासा. ग्राफिक्स कार्डाच्या दोन आठ-पिनी जोडांना एकाच वायरीची दोन टोके लावलेली असतील, तर दोन स्वतंत्र वायरी लावा. बारा व्होल्टचा नवा सोळा-पिनी जोड शेवटपर्यंत बसला आहे का आणि जोडालगतच वायर दुमडलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. जोड काढल्यावर एखाद्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी किंवा फुगलेले दिसले, तर पीसी पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (सुट्या काढता येणाऱ्या) वायरी आपल्या एसएमपीएसला कधीही लावू नका. जोड सारखे दिसले तरी पिनांची मांडणी वेगळी असते आणि एका क्षणात मदरबोर्ड किंवा ड्राइव्ह जळू शकते.

सॉफ्टवेअर दाखवत असलेले १२ व्होल्टचे वाचन पाहून निर्णय घेऊ नका. मानकानुसार ते साधारणपणे ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान असावे लागते, पण मदरबोर्डचे सेन्सर चुकीचे आकडे दाखवू शकतात आणि क्षणिक घसरण त्यांना टिपताच येत नाही. खात्रीचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे चांगल्या अवस्थेतील पुरेशा क्षमतेचा दुसरा एसएमपीएस काही दिवस लावून पाहणे. त्याआधी पीसी एक्स्टेन्शन बोर्डावरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहायलाही विसरू नका.

११. रॅम, बायोस आणि रीसेटचे बटण

एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारे बायोसमधील सेटिंग, हेही ओव्हरक्लॉकच आहे. ते बंद करून, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे सर्व ओव्हरक्लॉक आणि अंडरव्होल्ट (मुद्दाम कमी केलेले व्होल्टेज) मूळ स्थितीत आणून खेळून पाहा, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकही चूक आली तरी रॅम किंवा तिची सेटिंग्ज सदोष आहेत असे धरा.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत करणे टाळू नका. वाढीव व्होल्टेजमुळे या प्रोसेसरांमध्ये येणारी अस्थिरता रोखण्यासाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनासंच) सुधारणा बायोसमार्फत दिल्या आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आधीच झालेली हानी या सुधारणेने भरून निघत नाही, असा प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. बायोस बदलताना पीसी रीस्टार्ट झाला तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. म्हणून हे काम थेट बायोसच्या पडद्यावरून, कोणताही भार नसताना आणि शक्य असेल तर यूपीएसवर करा.

फारसा कोणी सांगत नाही असा एक उपाय इथेच नोंदवतो. कॅबिनेटच्या रीसेट बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून ठेवा. बटण आत अडकले असेल किंवा वायरीत शॉर्ट असेल, तर पीसी हुबेहूब एसएमपीएस बिघडल्यासारखा रीस्टार्ट होतो, आणि ही चाचणी करायला पैसे लागत नाहीत.

१२. दुरुस्तीसाठी देताना सोबत काय न्यावे

वरील तपासणीनंतर सदोष भाग ठरला आणि तो वॉरंटीत असेल, तर खरेदीचे बिल, त्या भागाचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो, एचडब्ल्यूइन्फोची सीएसव्ही फाइल, इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदींचे स्क्रीनशॉट आणि केलेल्या चाचण्यांची तारखेनुसार यादी सोबत द्या. ‘पीसी तापतो’ एवढेच सांगितले तर तो साफ करून, पेस्ट लावून परत दिला जाण्याची शक्यता अधिक. ‘प्रोसेसर आणि ग्राफिक्सच्या स्वतंत्र चाचण्या पार पडतात, एकत्र भाराखाली ७० अंशांवरच रीस्टार्ट होतो, वीजमर्यादा ७० टक्के केली की होत नाही’ असे लिहून दिले, तर तपासणाऱ्याला नेमका तोच भार टाकून दोष पाहता येतो. ड्राइव्हवर खासगी फायली असतील तर देण्याआधी ड्राइव्ह काढून घ्या, किंवा निदान आपल्या खात्यांतून लॉग आउट करा.